बॅबकॉकची फॅट टेस्ट, चीज आणि एका धान्यावरच्या गायी: व्याख्यानासाठी काही शंका

सायसाखर:

नमस्कार मंडळी. दुग्धतंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर, दुधातलं फॅट मोजायची टेस्ट काढणारे अमेरिकन रसायनतज्ज्ञ स्टीफन मोल्टन बॅबकॉक यांच्यावर पाऊण तास बोलायचं आहे. चरित्राची चौकट हाताशी आहे: जन्म २२ ऑक्टोबर १८४३, न्यूयॉर्क राज्यातलं ब्रिजवॉटर, शेतकरी घर, १८६६ मध्ये टफ्ट्स कॉलेजची पदवी, वडील गेल्यावर काही काळ घरची शेती, मग कॉर्नेलमध्ये रसायनशास्त्र, १८७९ मध्ये जर्मनीत गॉटिंगेनला डॉक्टरेट, १८८२ पासून जिनीव्हाचं कृषी प्रयोग केंद्र, १८८८ च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठ, १९१३ ला निवृत्ती, जुलै १९३१ मध्ये मॅडिसनला निधन.

शंका तीन आहेत. पहिली, फॅट तर त्यांच्या आधीही मोजत होते, मग १८९० च्या टेस्टमध्ये नवं काय होतं? आणि दूध मोजून घ्यायच्या पिपेटचा १७.६ मिली हा विचित्र आकडा आला कुठून? दुसरी, त्यांनी पेटंट घेतलं नाही हे खरं का, आणि त्याने प्रत्यक्षात काय फरक पडला? तिसरी, काही ठिकाणी त्यांना जीवनसत्त्वांच्या शोधाचं श्रेय देतात, काही ठिकाणी त्या संदर्भात नावही नसतं. नेमकं काय धरायचं?

ब्युटायरोमीटर:

एक आधीच सांगतो. ते जिनीव्हा स्वित्झर्लंडमधलं नव्हे, न्यूयॉर्क राज्यातलं. शेजारी फॅट टेस्टवाल्या स्विस गर्बरचं नाव येणार असेल तर विद्यार्थी हमखास घोळ घालतात.

आता पहिली शंका. १८९० च्या आधी फॅट अचूक मोजता येत होतं, फक्त ते रसायनतज्ज्ञालाच येत होतं. ॲडम्सच्या पद्धतीत दूध शोषकागदाच्या पट्टीवर घ्यायचं, वाळवायचं, सॉक्सलेट उपकरणात ईथरने फॅट काढायचं, ईथर उडवून उरलेलं फॅट रासायनिक तराजूवर तोलायचं. आकडा उत्तम, पण दिवसाला नमुने होणार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोण्याच्या कारखान्यात रोज सकाळी शंभर शेतकऱ्यांचं दूध येतं, तिथे याचा काय उपयोग? म्हणून १८८० च्या दशकात सगळेच झटपट पद्धतीच्या मागे लागले होते. द लव्हालचा लॅक्टोक्रिट १८८६ पासून होता, पण यंत्र महाग. विस्कॉन्सिनमध्येच शॉर्ट यांनी १८८८ मध्ये अल्कलीने फॅटचा साबण करून, मग आम्लाने मेदाम्लं मोकळी करून मोजायची पद्धत काढली. ती चालायची, पण बाटल्या तासन् तास उकळत्या पाण्यात ठेवाव्या लागत. लेफमन आणि बीम यांनी सल्फ्युरिक ॲसिडच्या जोडीला अमाइल अल्कोहोल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण वापरून बाटली फिरवली. म्हणजे आम्ल वापरणं किंवा बाटली गरगरा फिरवणं, यातलं काहीही बॅबकॉकने पहिल्यांदा केलेलं नाही.

त्याने केलं ते असं की नको ते सगळं काढून टाकलं. रसायन एकच, सल्फ्युरिक ॲसिड. ते केसिन आणि बाकीची प्रथिनं विरघळवतं आणि फॅटच्या गोलकांभोवतीचं आवरण मोडतं. दुधातल्या पाण्याशी मिसळताना तापतं, त्यामुळे फॅट आपोआप वितळलेलं राहतं, वेगळी शेगडी लागत नाही. शिवाय आम्लामुळे भोवतालचा द्रव जड होतो, म्हणून हलकं फॅट झपाट्याने वर येतं. एका रसायनात चार कामं. मग सेंट्रिफ्यूज, मग गरम पाणी घालून फॅटचा थर बाटलीच्या बारीक मानेत चढवायचा आणि मानेवरच टक्के वाचायचे. तराजू नाही, ईथर नाही, गणितही नाही.

गणित नाही, कारण ते काचेत आधीच करून ठेवलंय. नमुना हवा १८ ग्रॅम. दुधाची घनता साधारण १.०३, म्हणजे १७.५ मिली दूध हवं. पिपेटच्या आतल्या भिंतीला थोडं दूध चिकटून राहतं, म्हणून पिपेट १७.६ ची. आता १८ ग्रॅमचा १ टक्का म्हणजे ०.१८ ग्रॅम फॅट. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळलेल्या फॅटची घनता ०.९. म्हणजे ०.१८ भागिले ०.९ बरोबर ०.२ मिली. मानेवरचा टक्क्याचा प्रत्येक भाग बरोबर ०.२ मिलीचा असतो तो यामुळे. विद्यार्थ्यांकडून हे फळ्यावर करून घ्या. १७.६ आकडा पाठ करणारे खूप, तो कुठून येतो हे सांगणारे थोडे.

टेस्टचा परिणाम पैशात दाखवा. अ शेतकरी १०० किलो दूध आणतो, फॅट ३.२ टक्के. ब आणतो ८० किलो, ४.५ टक्के. वजनावर पैसे दिले तर अ पुढे. फॅटवर दिले तर अ चे ३.२ किलो, ब चे ३.६ किलो. लोण्याच्या कारखान्याला विकायला उरतं ते फॅटच. वजनाने पैसे मिळतात तोवर पाणी घालणारा आणि साय काढून घेणारा फायद्यात राहतो आणि चांगली गाय पाळणारा मार खातो. टेस्ट आल्यावर दुधात पाणी घालणं गुन्हा आहे की नाही हा प्रश्नच मागे पडला, कारण त्यात कमाई उरली नाही.

रोज प्रत्येकाची टेस्ट करणंही लागत नव्हतं. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाची झाकणबंद बरणी ठेवायची, रोजच्या दुधातला ठरलेला हिस्सा तीत घालायचा, नासू नये म्हणून पोटॅशियम डायक्रोमेट किंवा मर्क्युरिक क्लोराइड, आणि आठवड्याने किंवा पंधरवड्याने एकच टेस्ट. यात नेहमीची चूक म्हणजे दूध कितीही आलं तरी नमुना तेवढाच घेणं. हिस्सा त्या दिवसाच्या वजनाच्या प्रमाणात हवा, नाहीतर सरासरी चुकते.

रवीदोर:

पेटंटबद्दल. खरं आहे, घेतलं नाही. जुलै १८९० मध्ये विस्कॉन्सिन कृषी प्रयोग केंद्राची २४ क्रमांकाची पुस्तिका निघाली, तीत पद्धत, आकृत्या आणि मापं सगळ्यांसाठी छापली. कुणीही बाटल्या बनवा, कुणीही यंत्र बनवा.

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. टेस्ट बाकी सगळ्या गायींवर बरोबर येत होती, पण कळपातल्या एका गायीच्या दुधावर चुकत होती. केंद्राचे प्रमुख विल्यम हेन्री छापायची घाई करत होते आणि बॅबकॉक त्या एका गायीसाठी अडून बसला. गोष्टीला थोडी कल्हई झाली असेल, पण मुद्दा पक्का: शेतकऱ्याला पैसे ज्या आकड्यावर मिळणार, तो एकाच्या दुधाला बरोबर आणि दुसऱ्याच्या दुधाला चूक असून चालत नाही.

पेटंट नसल्याचा परिणाम फक्त गोडगोड सांगू नका. प्रसार झपाट्याने झाला, हे बरोबर. पण बाटल्या बनवणारे अनेक झाले आणि मानेवरच्या रेघा जो तो आपल्या हिशेबाने मारू लागला. मान जराशी रुंद असली की दर टेस्टला शेतकऱ्याचं नुकसान, अरुंद असली की कारखान्याचं. म्हणून पुढे अनेक राज्यांना काचसामान तपासून शिक्का मारायचे आणि टेस्ट करणाऱ्यांना परवाने द्यायचे कायदे करावे लागले. पद्धत फुकट मिळाली तरी तिची विश्वासार्हता सांभाळायला सरकारी यंत्रणा लागतेच.

तुलनेला दोन नावं घ्या. निकलाउस गर्बर, झ्युरिक: १८९१ मध्ये पेटंट, ब्युटायरोमीटरचा, म्हणजे फॅट मोजायच्या त्याच्या काचनळीचा, व्यवसाय, आणि युरोपभर त्याचीच पद्धत. दुसरा बॅबकॉकच्याच विभागात वाढलेला हॅरी स्टीनबॉक. त्याने १९२० च्या दशकात अतिनील किरणांनी खाद्यपदार्थांत ड जीवनसत्त्व तयार करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि ते सांभाळायला १९२५ मध्ये विस्कॉन्सिन ॲल्मनाय रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं. एकाच विद्यापीठाने पस्तीस वर्षांत दोन्ही टोकं पाहिली. स्टीनबॉकचं म्हणणं असं होतं की पेटंट हातात नसेल तर कुणीही सोम्यागोम्या निकृष्ट माल त्याच नावाने विकेल. वरचा बाटल्यांचा घोळ आठवला तर हे म्हणणं अगदीच पोकळ वाटत नाही. माझं मत विचाराल तर १८९० मध्ये बॅबकॉकचा निर्णय बरोबर होता, कारण गिऱ्हाईक होते खेड्यापाड्यातले छोटे कारखाने. पण तो सगळ्या शोधांना लावायचा नियम म्हणून शिकवू नका.

मोबदला म्हणाल तर १८९९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कांस्यपदक मंजूर केलं आणि १९३० मध्ये कॅपर पुरस्काराचे ५,००० डॉलर मिळाले.

सायसाखर:

दोघांचेही आभार. आता एक व्यवहाराची अडचण. व्याख्यानानंतर टेस्ट करून दाखवायची आहे. बाटल्या आणि हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज मिळालंय. मुलांना गर्बरची सवय आहे: १० मिली ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल. तालमीत फॅटच्या खाली काळे कण आले आणि एका बाटलीत वर फेस. काय चुकतंय?

ब्युटायरोमीटर:

काळे कण म्हणजे जळणं. गर्बरमध्ये अमाइल अल्कोहोल ते बरंचसं आवरतं, इथे ते नाही, म्हणून सगळी भिस्त ॲसिडच्या ताकदीवर आणि तापमानावर. ॲसिडची घनता १.८२ ते १.८३ हवी. तुम्ही बाटलीतलं तीव्र ॲसिड, म्हणजे १.८४ चं, तसंच वापरलं असणार. ते सौम्य करायचं तर ॲसिड पाण्यात, बारीक धारेने, थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. गॉगल आणि ॲप्रन असल्याशिवाय कुणाला जवळ उभं करू नका.

क्रम सांगतो. दूध आणि ॲसिड दोन्ही १५ ते २० अंशांवर आणा. दूध एका भांड्यातून दुसऱ्यात तीन-चार वेळा ओता, फेस न आणता. वर लोण्याचे कण तरंगत असतील तर ४० अंशांपर्यंत गरम करून ते विरघळवा, मग परत थंड करा. पिपेट तिरकी धरून टोक मानेत टेकवा, हवा बाहेर यायला जागा ठेवा. पिपेट सरळ उभी खुपसली की दूध बुडबुड्यांसकट उसळून बाहेर येतं आणि नमुना गेला. शेवटचा थेंब फुंकून घ्या.

मग १७.५ मिली ॲसिड. बाटली तिरकी धरून हळूहळू फिरवत ओता, म्हणजे मानेला लागलेलं दूध धुऊन खाली जाईल आणि ॲसिड भिंतीवरून घसरत दुधाच्या खाली जाऊन बसेल. दोन थर स्पष्ट दिसले पाहिजेत. ॲसिड सरळ दुधाच्या मधोमध पडलं की तिथेच जळून काळे कण होतात, तुमचं दुसरं संभाव्य कारण हे. थर बसल्यावर बाटली गोल फिरवत हलवा, एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही. अर्धवट मिसळून ठेवलेली बाटलीही काळे कण देते. रंग पिवळा, तपकिरी आणि शेवटी काळ्या कॉफीसारखा होतो.

सेंट्रिफ्यूजमध्ये बाटल्या समोरासमोर, पाच मिनिटं. वेग चाकाच्या व्यासावर: बाटल्या आडव्या झाल्यावर मोजलेला व्यास १२ इंच असेल तर मिनिटाला ९८० फेरे, १८ इंच असेल तर ८००, २४ इंच असेल तर ६९३. हाताच्या यंत्रावर दांड्याचे फेरे मोजा आणि दात्यांच्या प्रमाणाने गुणा, अंदाजाने फिरवू नका. वेग कमी पडला की फॅट कमी वाचलं जातं आणि दोष दुधाला दिला जातो. मग ६० अंशांचं किंवा त्याहून गरम पाणी मानेच्या तळापर्यंत, दोन मिनिटं. पुन्हा पाणी, फॅटचा थर रेघांच्या आत येईपर्यंत, एक मिनिट. शेवटी ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं, पाण्याची पातळी फॅटच्या वर हवी.

फेसाचं कारण पाणी. कठीण पाण्यातले कार्बोनेट ॲसिडशी लागून वायू सोडतात. ऊर्ध्वपातित पाणी घ्या किंवा पाण्यात आधीच थेंबभर ॲसिड घालून ते उकळून घ्या. उलटा दोष, म्हणजे फॅट फिकट आणि खाली पांढरा दह्यासारखा चोथा, दिसला तर ॲसिड कमजोर किंवा दूध फार थंड. बरोबर टेस्टमध्ये स्तंभ सोनेरी पिवळा, दोन्ही टोकं स्वच्छ. कणवाली बाटली घासाघीस करून वाचू नका, फेकून द्या आणि परत करा.

वाचायचं कसं यावर गर्बरची सवय असलेली मुलं अडखळणार. खालच्या वक्राच्या तळापासून वरच्या वक्राच्या अगदी माथ्यापर्यंत वाचायचं. वरचा वक्र धरल्याने थोडं जास्त वाचलं जातं, पण तेवढंच फॅट बारीक गोलकांच्या रूपात खालच्या ॲसिडात अडकून राहिलेलं असतं. दोन चुका एकमेकींना खातात. क्रीमला हे चालत नाही, कारण तिथे बाटलीची मान रुंद आणि वक्र मोठा. म्हणून क्रीम तोलून घेतात, ९ किंवा १८ ग्रॅम, आणि वाचण्याआधी वर ग्लायमॉल म्हणजे रंगीत खनिज तेलाचे थेंब सोडून वक्र सपाट करतात. होमोजिनाइज केलेलं दूध प्रात्यक्षिकाला आणूच नका. गोलक इतके बारीक की नेहमीच्या क्रमाने फॅट पूर्ण वर येत नाही.

विरजण:

सगळे टेस्टवरच थांबलेत, म्हणून चीजचं थोडं. बॅबकॉक आणि जीवाणुशास्त्रज्ञ हॅरी रसेल ही जोडी १८९० च्या दशकात जमली. रसायनतज्ज्ञ आणि जीवाणुतज्ज्ञ एका टेबलावर बसणं त्या काळी सर्रास नव्हतं.

तेव्हा चीज पिकतं ते निव्वळ जीवाणूंमुळे, असं धरलं जाई. या दोघांनी दुधात क्लोरोफॉर्म, ईथर यांसारखी द्रव्यं घालून जीवाणूंची वाढ बंद केली आणि दूध ठेवून दिलं. जीवाणू नसतानाही प्रथिनं हळूहळू विरघळत गेली. म्हणजे दुधात स्वतःचंच एक प्रथिनं पचवणारं विकर आहे. १८९७ मध्ये त्यांनी त्याला गॅलॅक्टेज नाव दिलं. आज आपण दुधातलं मुख्य अंगभूत प्रोटिएज म्हणून प्लाझ्मिन शिकवतो. जुनं नाव गेलं, निरीक्षण टिकलं.

याचा थेट परिणाम थंड पक्वनावर झाला. विकर थंडीतही सावकाश काम करत राहतं, पण वायू आणि कडवटपणा आणणारे जीवाणू मंदावतात. चेडर त्या वेळी १५ ते २० अंशांच्या किंवा त्याहून उबदार खोल्यांत पिकवत, उन्हाळ्यात फॅट गळे आणि चव बिघडे. या दोघांनी दाखवलं की ५ ते १० अंशांतही चीज पिकतं. वेळ जास्त लागतो, पण वजन कमी घटतं आणि चव स्वच्छ राहते. जुन्या कारागिरांचा ठाम समज होता की थंडीत पिकलेलं चीज कडू होतं.

विस्कॉन्सिन कर्ड टेस्टही सांगा, यात डेकर हे तिसरे. चीज खराब निघतंय पण कोणाच्या दुधामुळे हे कळत नसेल तेव्हाची ही युक्ती. प्रत्येक शेतकऱ्याचं दूध वाफेने निर्जंतुक केलेल्या वेगळ्या बरणीत, तापमान ३७ अंश, दहा थेंब रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विकर. दही घट्ट झालं की सुरीने कापून सुटलेलं पाणी निथळून टाकायचं आणि बरण्या त्याच उबेत सहा ते बारा तास ठेवायच्या. मग प्रत्येक गोळा धारदार सुरीने कापून बघायचा आणि वास घ्यायचा. टाचणीने टोचल्यासारखी भोकं म्हणजे वायू करणारे जीवाणू, बहुधा शेणाची घाण. सुरी आणि तापमापक एका बरणीतून दुसरीत नेताना उकळत्या पाण्यात बुडवला नाही तर एका घाणेरड्या दुधामुळे पुढच्या सगळ्या बरण्या नापास.

आणखी एक, मजेशीर. पाश्चरायझेशननंतर क्रीम पातळ दिसतं, कारण उष्णतेने गोलकांचे पुंजके सुटतात. फॅट तेवढंच, पण गिऱ्हाईक म्हणतं पाणी घातलंय. १८९६ मध्ये दोघांनी साखर आणि चुन्याचं द्रावण, व्हिस्कोजेन, काढलं. अगदी थोडं घातलं की पुंजके परत जमतात आणि क्रीम दाट होतं. पण असं क्रीम शुद्ध म्हणून विकू नका, वेगळ्या नावाने विका, असंही त्यांनीच सांगितलं.

गोठा ते प्रयोगशाळा:

तिसरी शंका माझ्याकडे.

बॅबकॉकने जीवनसत्त्व शोधलं नाही. ज्या प्रयोगातून विस्कॉन्सिनचं जीवनसत्त्वांचं काम निघालं त्याची कल्पना त्याची आणि चिवटपणाही त्याचाच. त्या प्रयोगाच्या प्रबंधावर मात्र त्याचं नाव नाही.

पार्श्वभूमी अशी. त्या काळी पशुखाद्याची किंमत रासायनिक पृथक्करणावर ठरे: प्रथिनं इतकी, कर्बोदकं इतकी, फॅट इतकं, राख इतकी. आकडे जुळले की दोन खाद्यं सारखी. बॅबकॉक स्वतः पृथक्करण करणारा, म्हणूनच त्याला ते पटेना. आकड्यांवरच जायचं तर दगडी कोळसासुद्धा उत्तम खाद्य ठरेल, असा त्याचा टोमणा सांगितला जातो. विस्कॉन्सिनला आल्यापासून तो गायी मागत होता. पशुसंवर्धनवाले का देतील? चांगली दुभती जनावरं एका म्हाताऱ्या होत चाललेल्या रसायनतज्ज्ञाच्या शंकेपायी कोण पणाला लावणार? १९०० नंतर पशुसंवर्धनचे कार्लाइल यांनी दोन गायी दिल्या, एकीला फक्त ओट, दुसरीला फक्त मका. काही महिन्यांत एक दगावली आणि दुसरी काढून घेतली गेली. एका गायीच्या मरण्यावरून सिद्ध काहीच होत नाही, पण संशय पक्का झाला.

१९०६ मध्ये एडविन हार्ट कृषिरसायन विभागाचा प्रमुख म्हणून आला आणि गाडं हललं. मे १९०७ मध्ये १६ कालवडी घेतल्या, चार-चारचे चार गट. एक गट फक्त मक्याच्या झाडावर: दाणा, ग्लूटेन, कडबा. दुसरा फक्त गव्हावर, तिसरा फक्त ओटवर, चौथा तिन्हींच्या मिश्रणावर. खुबी अशी की चारही आहारांत प्रथिनं आणि ऊर्जा पृथक्करणाच्या हिशेबाने समान ठेवली होती. पाणी आणि मीठ सगळ्यांना. म्हणजे पाठ्यपुस्तक बरोबर असेल तर चारही गट सारखे दिसायला हवेत.

कालवडींची वाढ जवळजवळ सारखीच झाली, आणि लोक फसतात ते इथेच. नुसतं वजन पाहून प्रयोग वर्षभरात थांबवला असता तर निष्कर्ष निघाला असता ‘फरक नाही’. फरक दिसला विण्याच्या वेळी. मक्याच्या गायींची वासरं धडधाकट. गव्हाच्या गायी दिवस भरण्याआधी व्यायल्या, वासरं मेलेली किंवा जन्मून मरणारी, गायी आंधळ्या होत चाललेल्या. ओट आणि मिश्रण मधे कुठेतरी. मग आहारांची अदलाबदल करून पाहिली, तशी गायींची अवस्थाही पालटली. म्हणजे दोष गायींचा नव्हता. चार वर्षांनी, १९११ मध्ये, प्रबंध निघाला: हार्ट, मॅकॉलम, स्टीनबॉक, हम्फ्री.

कारण काय, ते त्या प्रबंधात नाही. आज मागे वळून सांगता येतं: पिवळ्या मक्यात आणि त्याच्या पाल्यात कॅरोटीन असतं, गव्हाच्या दाण्यात आणि काडात ते नसल्यात जमा. शिवाय काडात कॅल्शियमही कमी. दोन उणिवा एकत्र होत्या, म्हणूनच गायींवर हे कोडं सुटत नव्हतं. एल्मर मॅकॉलमने ते ओळखलं आणि उंदरांकडे वळला. उंदीर खातो थोडं, वाढतो लवकर, शुद्ध केलेल्या घटकांचा आहार त्याला परवडतो. १९१३ मध्ये त्याने आणि मार्गरेट डेव्हिसने दाखवलं की डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेलावर उंदरांची वाढ थांबते आणि लोण्यातल्या फॅटचा अर्क दिला की परत सुरू होते. हेच पुढचं अ जीवनसत्त्व. कनेटिकट कृषी प्रयोग केंद्रातले ऑस्बॉर्न आणि येल विद्यापीठातले मेंडेल जवळपास त्याच सुमारास तिथेच पोचले, तेही सांगा.

विद्यार्थ्यांना एक गंमत दाखवा. १८९० मध्ये बॅबकॉकने फॅटला एकच आकडा दिला आणि त्यावर दुधाची किंमत बसली. त्यानेच पुढे म्हटलं की आकडे सारखे म्हणून अन्न सारखं नसतं. आणि पहिला पुरावा सापडला तो त्याच्याच बाटलीच्या मानेत चढणाऱ्या लोण्याच्या फॅटमध्ये: बाटलीत टाकलं तर चरबीचा आणि लोण्याचा टक्का सारखाच येईल, पण उंदीर एकावर जगेल आणि दुसऱ्यावर खुरटेल. श्रेय कसं लिहायचं तर ‘प्रश्न बॅबकॉकचा, गायींचा प्रयोग हार्ट आणि सहकाऱ्यांचा, जीवनसत्त्व मॅकॉलम आणि डेव्हिस यांचं’. एवढं पुरे.

रवीदोर:

वरच्यात भर. बॅबकॉकचं सूत्रही विसरू नका, आजही उपयोगी आहे. ६० अंश फॅरनहाइटला लॅक्टोमीटरचं, म्हणजे दुधाची घनता मोजायच्या तरंगत्या काचनळीचं, वाचन चारने भागायचं, त्यात फॅटच्या ०.२ पट मिळवायचं, की एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ. वाचन ३०, फॅट ४ असेल तर ७.५ अधिक ०.८, म्हणजे ८.३ टक्के. एकूण घन पदार्थ १२.३. नुसत्या लॅक्टोमीटरला चोर फसवतो: साय काढली की वाचन वाढतं, मग पाणी घालून ते परत जागेवर आणता येतं. फॅट टेस्ट जोडीला असली की वाचन बरोबर आणि फॅट पडलेलं, लगेच उघडं पडतं.

सायसाखर:

हे सूत्र प्रात्यक्षिकात घेतो. ॲसिडची घनता तपासली, १.८४ च होती. निवृत्तीच्या आसपासचं काही सांगण्यासारखं आहे का? तिथे माझं टिपण कोरडं आहे.

गोठा ते प्रयोगशाळा:

कोरडं म्हणालात, तेच त्याचं उत्तर. १९१२ मध्ये त्याने चयापचयातून शरीरात तयार होणाऱ्या पाण्यावर पुस्तिका काढली. लोकरीत किंवा कोरड्या धान्यात राहणारी कीड पाणी कुठून आणते, हा प्रश्न. अन्नातला हायड्रोजन जळून पाणी होतं: १०० ग्रॅम फॅटमागे साधारण १०७ ग्रॅम, स्टार्चमागे ५५, प्रथिनांमागे ४१. फॅटचा आकडा शंभरावर कसा जातो हे मुलांना विचारा. ज्याला हवेतला ऑक्सिजन आठवेल त्याला रसायनशास्त्र समजलंय. निवृत्तीनंतरही तो प्रयोगशाळेत येत राहिला, पण पदार्थाच्या मूळ स्वरूपाबद्दलचं त्याचं तिथलं काम तडीस गेलं नाही. पाऊण तासात ते घेऊ नका, तो वेळ गव्हाच्या गायींना द्या.